ऑइलच्या डब्यावरचे दोन आकडे: प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर

गाडी एकच. डिसेंबर-जानेवारीत ती अशा जागी उभी राहणार जिथे पहाटे पारा उणे १५च्या आसपास उतरतो. एप्रिल-मेमध्ये तीच गाडी भरल्या वजनानिशी चाळिशीपार उन्हात घाट चढणार. आत सध्या १५डब्ल्यू-४० ग्रेडचं ऑइल आहे. ठरवायचं इतकंच, की ऋतूगणिक ऑइल बदलायचं की दोन्ही टोकं सांभाळेल असं एकच शोधायचं.

इंजिन चार सिलिंडरचं, पेट्रोलवरचं, पाण्याने थंड होणारं, टर्बो नसलेलं. वय झालंय, पण बोअर शाबूत आहे. निळा धूर नाही, एका सर्व्हिसपासून दुसरीपर्यंत डिपस्टिकवरची पातळी फारशी हलत नाही. हे आधीच लिहून ठेवतोय, कारण ऑइल खाणाऱ्या इंजिनाचं गणित निराळं.

मिस्त्रींचा सल्ला एका वाक्यात आटोपला: "थंडीत पातळ घाला, उन्हाळ्यात घट्ट, त्यात लिहिण्यासारखं काय आहे?" बघू.

५ नोव्हेंबर

गाडीच्या पुस्तिकेत एक तक्ता सापडला. खाली हवेच्या तापमानाची रेघ आणि तिच्यावर एकेका ग्रेडचा पट्टा. २०डब्ल्यू-५० उणे १०च्या वर, १५डब्ल्यू-४० उणे १५च्या वर. १०डब्ल्यू-३०चा पट्टा उणे २०पासून निघतो, पण उजवीकडे उन्हाळा यायच्या आतच तुटतो. ५डब्ल्यू-३० तर त्याच्याही आधी संपतो.

पट्ट्यांची डावी टोकं समजण्यासारखी आहेत. उजव्या टोकांमागे त्या काळातलं ऑइल आहे. पुस्तिका छापली तेव्हा ५डब्ल्यू-३० बनवायला अगदी पातळ खनिज तेल घेऊन त्यात गरमीतही घट्टपणा टिकवणारं पॉलिमर भरपूर घालावं लागे. ते पॉलिमर इंजिनात रगडलं जाऊन तुटे आणि पातळ मूळ तेल गरमीत उडून जाई. आजचं सिंथेटिक मूळ तेल तापमानाला मुळातच कमी बधतं, त्यामुळे पॉलिमरवरचा भार हलका झाला. तेव्हा तक्त्याची डावी बाजू शब्दशः पाळायची आणि उजवी बाजू काळ लक्षात घेऊन वाचायची असं ठरवलं.

९ नोव्हेंबर

दिवसभर एसएई या अमेरिकेतल्या वाहन अभियंत्यांच्या संस्थेच्या जे३०० मानकाची कोष्टकं. घट्टपणावरून ऑइलची पहिली वर्गवारी एसएईने १९११ साली केली. डब्ल्यूवाले, म्हणजे हिवाळ्याचे आकडे नंतर आले.

डब्यावरचे दोन आकडे दोन वेगळ्या परीक्षांचे गुण आहेत. ५डब्ल्यू-३० वाचून "थंडीत पाचइतकं पातळ, गरम झालं की तीसइतकं घट्ट" असा अर्थ लावणारे पुष्कळ भेटतात. गरम झाल्यावर घट्ट होणारं इंजिन ऑइल कुठेच नाही. ५डब्ल्यू-३०सुद्धा तापलं की पातळच होतं, फक्त साध्या ३०पेक्षा कमी प्रमाणात.

पहिल्या आकड्याची परीक्षा अशी: ऑइल ठरावीक थंडीत नेऊन एका जाड रोटरने घुसळतात, सेल्फ मारल्यावर क्रँक जसा ऑइल कापत फिरतो तसं. ०डब्ल्यूला उणे ३५ अंशांवर जास्तीत जास्त ६,२०० मिलिपास्कल-सेकंद (घट्टपणाचं एकक) चालतात, ५डब्ल्यूला उणे ३०वर ६,६००, १०डब्ल्यूला उणे २५वर ७,०००. १५डब्ल्यूची मर्यादाही ७,०००च, पण उणे २०वर. २०डब्ल्यूला उणे १५वर ९,५०० आणि २५डब्ल्यूला उणे १०वर १३,०००. म्हणजे एक पायरी खाली उतरलं की थंडी सोसायची ताकद पाच अंशांनी वाढते. हिशेब तोंडपाठ ठेवायला सोपा आहे: पहिल्या आकड्यातून ३५ वजा करा, परीक्षेचं तापमान मिळतं.

दुसरा आकडा १०० अंशांवरच्या श्यानतेवरून, म्हणजे घट्टपणावरून ठरतो. २०साठी ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक, ३०साठी ९.३ ते १२.५, ४०साठी १२.५ ते १६.३, ५०साठी १६.३ ते २१.९. शिवाय १५० अंशांवर, बेअरिंगमध्ये बसतो तितका जोरदार रगडा देऊन, आणखी एक मोजणी होते. तिथे ३०ला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात. ४०ची अट पहिल्या आकड्याप्रमाणे बदलते: ०, ५ आणि १०डब्ल्यूबरोबरच्या ४०ला ३.५, तर १५डब्ल्यू आणि पुढच्यांना ३.७. ही मोजणी डब्याच्या दर्शनी बाजूला कधीच छापत नाहीत, आणि मला विचाराल तर गरम इंजिनाच्या दृष्टीने हाच खरा आकडा. एसीईए या युरोपीय वाहन-उत्पादकांच्या संघटनेच्या सी२ वर्गातल्या ५डब्ल्यू-३०ला तिथे २.९ पुरतात, सी३ वर्गातल्या ५डब्ल्यू-३०ला ३.५ लागतात. डब्यावरचा ग्रेड तोच, मालमसाला वेगळा.

१० नोव्हेंबर

कालच्या कोष्टकातली एक गोष्ट राहिली होती. थंडीची परीक्षा एक नाही, दोन आहेत. दुसरी पंपाची: घुसळण्याच्या परीक्षेपेक्षा आणखी पाच अंश खाली नेऊन ऑइल पंपाकडे वाहत जाईल का ते बघतात. मर्यादा सगळ्या डब्ल्यू ग्रेडना एकच, ६०,००० मिलिपास्कल-सेकंद, आणि ऑइल थिजून जेलीसारखं धरलेलं नसावं ही अट.

पाच अंशांची ही पुढची पायरी मुद्दाम ठेवलेली आहे. इंजिन फिरलं नाही तर निदान नुकसान होत नाही, माणूस चरफडत गाडी सोडून जातो. इंजिन सुरू झालं आणि ऑइल मात्र पंपाच्या जाळीपाशी आलंच नाही, तर बेअरिंग गेलीच. १९८०-८१च्या हिवाळ्यात अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या सू फॉल्स भागात नेमकं हेच घडलं. त्या वेळच्या चाचण्यांत पास झालेलं ऑइल गाड्यांमध्ये होतं, पण तिथली थंडी हळूहळू, तासन्‌तास उतरत गेली आणि ऑइलमधल्या मेणाचं जाळं बसलं. पंपाने आजूबाजूचं थोडं ऑइल ओढलं, मधे पोकळी पडली, बाकीचं ऑइल सरकून ती भरायला आलंच नाही. पंपात गेली ती हवा. त्यानंतर पंपाच्या परीक्षेत ऑइल सावकाश थंड करायची पद्धत आली.

ऑइल किती थंड झालं याइतकंच ते किती सावकाश थंड झालं हेही बघावं लागतं. माझी गाडी उघड्यावर रात्रभर उभी राहणार, म्हणजे सावकाशच.

१६ नोव्हेंबर

श्यानतेचं तक्ता-पत्रक (स्प्रेडशीट) तयार झालं. ऑइलच्या माहितीपत्रकात ४० आणि १०० अंशांवरची श्यानता दिलेली असते. त्या दोन आकड्यांवरून वॉल्थरच्या सूत्राने मधलं कुठलंही तापमान काढता येतं: श्यानतेत ०.७ मिळवून दोनदा लॉग घ्यायचा, केल्विनमधल्या तापमानाचा एकदा, आणि कागदावर सरळ रेघ मिळते. बाजारात साधारण आढळणारे आकडे घेऊन (कुठल्याही एका ब्रँडचे नाहीत) हे निघालं, सगळं सेंटिस्टोकमध्ये:

२०डब्ल्यू-५०: शून्य अंशाला सुमारे २,६५०, २० अंशांना ५४५, १००ला १८, १२०ला ११
१५डब्ल्यू-४०: १,३००, ३१५, १४.५, ९.४
५डब्ल्यू-४०: ६८०, २०५, १३.८, ९.३
५डब्ल्यू-३०: ५००, १५०, १०.५, ७.२
०डब्ल्यू-२०: ३३०, १०५, ८.४ (१२०चा काढला नाही, ह्या इंजिनाशी संबंध नाही)
साधं ४०, एकेरी ग्रेड: २,९००, ५२०, १४.५

पत्रकाकडे बराच वेळ बघत बसलो. १५डब्ल्यू-४० आणि ५डब्ल्यू-४० ह्या ओळींमध्ये १२० अंशांवर फरक नावालाच आहे, आणि शून्यावर मात्र निम्मा. एकेरी ४० तर १०० अंशांवर १५डब्ल्यू-४०ची हुबेहूब नक्कल, पण शून्यावर त्याच्या दुपटीहून घट्ट.

आणि सगळ्यात पातळ ०डब्ल्यू-२० घेतलं तरी २० अंशांच्या सुखद सकाळी ते गरम इंजिनातल्या स्वतःपेक्षा बारा पट घट्ट आहे. उन्हाळ्यातली सकाळही इंजिनाच्या हिशेबाने थंडच असते. "आमच्याकडे कुठे बर्फ पडतो" म्हणून पहिला आकडा दुर्लक्षित करणाऱ्यांनी ही ओळ बघावी.

व्हिस्कॉसिटी इंडेक्सही (तापमान बदललं तरी श्यानता किती टिकते त्याचा गुण) काढून ठेवला. डीन आणि डेव्हिस या दोघांनी १९२९ साली ही मोजपट्टी बनवली तेव्हा पेनसिल्व्हेनियाच्या तेलाला १०० आणि मेक्सिकोच्या आखाताच्या किनाऱ्यावरच्या तेलाला ० गुण दिले होते. पत्रकातलं ५डब्ल्यू-४० आज १७०च्या घरात आहे.

एक सावधगिरी: शून्याच्या बऱ्याच खाली हे सूत्र जास्त आशावादी ठरतं, कारण मेण धरायला लागलं की रेघ सरळ राहत नाही. उणे १५ला पत्रकापेक्षा डब्ल्यूच्या परीक्षेवर विश्वास.

२३ नोव्हेंबर

फ्रीजरचा प्रयोग. घरगुती फ्रीजर उणे १८ राखतो, आणि हे तापमान १५डब्ल्यू आणि २०डब्ल्यूच्या परीक्षांच्या बरोबर मधे पडतं. आयतीच प्रयोगशाळा. काचेच्या रुंद नळ्या, प्रत्येकीत वेगळं ऑइल, रात्रभर आत. सकाळी एकेक काढून लगेच दोन मिलिमीटरची सायकलच्या बेअरिंगमधली गोळी सोडायची आणि १५ सेंटिमीटर अंतर मोजायचं.

५डब्ल्यू-३०: वीसेक सेकंद. १५डब्ल्यू-४०: सव्वा मिनिटाच्या आसपास. २०डब्ल्यू-५०: तीन मिनिटं होऊन गेली, तरी गोळी अजून वाटेतच. नळी बाहेर आली की ऑइल लगेच गरम व्हायला लागतं, म्हणून शेवटचा आकडा प्रत्यक्षात आणखी मोठाच असणार. स्टोक्सच्या नियमाने (द्रवात गोळी किती वेगाने बुडते ते सांगणारा) आधी काढून ठेवलेलं गुणोत्तर साधारण एकास साडेतीनास नऊ होतं. हाताने वेळ मोजून इतकं जुळणं बरं म्हणायचं.

मग त्याच नळ्या उकळत्या पाण्याच्या भांड्यात. इथे गोळी टाकताक्षणी तळाला. डोळ्याला तीनही ऑइलं सारखीच, पाण्यासारखी. घड्याळाला काही पकडताच येत नाही.

बोटांत ऑइल घेऊन चोळून "हे घट्ट आहे, हे पातळ" असा निवाडा सर्रास होतो. बोटाचं तापमान तिशीतलं. तिथे कळतो तो घट्टपणा थंड इंजिनातला, आणि निवाडा मात्र दिला जातो गरम इंजिनाबद्दल. गरम ऑइलमधला १०.५ आणि १८ यांतला फरक बोटांना कधी कळणारच नाही.

३० नोव्हेंबर

थंडीसाठी निर्णय. उणे १५ला १५डब्ल्यू नियमाने बसतं, कारण त्याची परीक्षा उणे २०ची आहे. पण पाचच अंशांची मोकळीक, बॅटरी जुनी, आणि एखादी पहाट अंदाजापेक्षा खाली गेली तर तीही संपली. २०डब्ल्यू-५०चा प्रश्नच नाही. ५डब्ल्यू घेतलं की पंधरा अंशांची मोकळीक. ०डब्ल्यू-४०ही मिळतं, पण उणे २५-३०च्या खाली गाडी उभी राहणार नसेल तर त्याचं काम इथे नाही.

दुसरा आकडा ४०च ठेवला. पुस्तिकेत ४० आहे, इंजिन ४०च्या हिशेबाने घडवलेलं आहे, आणि हिवाळा आला म्हणून गरम बेअरिंगची गरज बदलत नाही. पूर्ण सिंथेटिक ५डब्ल्यू-४०, गरम रगड्याची मोजणी ३.५च्या वर. फिल्टरसकट बदललं. फिल्टर आणि ब्लॉक यांच्यामध्ये जाडसर चकती बसवून तिच्यात तापमानाचा आणि दाबाचा सेन्सर घातला. आता अंदाजपंचे काही नको.

१८ डिसेंबर

पहिल्या कडक पहाटा. उणे ९ला पहिल्याच सेल्फात सुरू. इंजिन नेहमीपेक्षा जड फिरतं हे कानाला कळतं, पण अडखळत नाही. टॅपेटचा कडकडाट क्षणभर, मग शांत.

दाबाचा काटा मात्र थेट साडेचार बारवर जाऊन चिकटला. असा काटा बघून समाधान मानायची सवय चांगली नाही. दाब वाढतो तो ऑइलला पुढे जायला अडथळा होतो म्हणून. साडेचारला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाने ढकललेलं बरंच ऑइल बेअरिंगकडे न जाता मागच्या दाराने परत चेंबरमध्ये पडतं. शिवाय फिल्टरच्या कागदातून इतकं घट्ट ऑइल जाईना तर फिल्टरचा बायपास उघडतो आणि ऑइल न गाळता पुढे जातं. म्हणून थंड इंजिनाला लगेच चढ्या फेऱ्यांवर (आरपीएमवर) नेण्यात काहीच फायदा नाही. आणि जागेवर अर्धा तास इंजिन तापवत ठेवण्यातही नाही. मिनिटभराने हलक्या पायाने निघालं की झालं.

दाबावरून आठवलं: गेजवरचा आकडा म्हणजे बेअरिंगमधला दाब नव्हे. बोशँप टॉवर यांनी १८८३ साली रेल्वेच्या आसाचं बेअरिंग तपासताना वरून ऑइल सोडायला भोक पाडलं, तर आस फिरताना ऑइल त्यातूनच वर येऊ लागलं. लाकडी बूच ठोकलं, तेही बाहेर ढकललं गेलं. आस स्वतःच्या फिरण्याने ऑइलला फटीत ओढून पाचर बनवतो आणि भार त्या पाचरीवर तरंगतो. त्याचं गणित ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी १८८६ साली मांडलं. पंपाचं काम फक्त पाचरीला ऑइल पुरवत राहण्याचं. पाचरीची जाडी ठरते ती तिथल्या गरम ऑइलच्या श्यानतेवरून, गेजवरून नाही.

६ जानेवारी

उणे १४. सुरू व्हायला त्रास नाही. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं.

लिहिण्यासारखं आहे ते तापण्याबद्दल. पाण्याचा काटा मधोमध आला तेव्हा ऑइल जेमतेम ४० अंशांवर होतं. पाणी तयार झालं म्हणजे इंजिन तयार झालं असं सगळेच धरून चालतात. ऑइल त्याच्या कितीतरी मागे असतं. इथल्या छोट्या फेऱ्यांमध्ये ते ७०च्या वर जातच नाही. म्हणजे आत आलेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल उडून जायला वेळच मिळत नाही. झाकणाच्या आतल्या बाजूला पिवळट साय दिसली. गॅस्केट गेलं की काय म्हणून घाबरायचं कारण नाही: कूलंटची पातळी जागच्या जागी, डिपस्टिक स्वच्छ. एकदा लांबवर नेऊन आणली, साय गेली.

पेट्रोल ऑइलमध्ये उतरलं की ऑइल पातळ होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या इंजिनांत हेच जाणूनबुजून करत. इंजिन बंद करण्याआधी ऑइलमध्ये थोडं पेट्रोल सोडायचं, सकाळी ते हलकं फिरायचं, आणि गरम झालं की पेट्रोल उडून जायचं. छोट्या फेऱ्यांच्या गाडीत ते शेवटचं "उडून जायचं" घडत नाही, हीच तर अडचण.

९ फेब्रुवारी

मोटरसायकलचा प्रश्न मधेच आला म्हणून इथेच नोंद. तिचं इंजिन हवेवर थंड होतं. पाणी नाही, थर्मोस्टॅट नाही, म्हणजे बाहेरचं ऊन थेट ऑइलपर्यंत पोचतं. तिथे उन्हाळ्यासाठी दुसरा आकडा चढा ठेवण्याला अर्थ आहे. पण त्याच ऑइलमध्ये गिअर आणि क्लच बुडालेले असतात. गिअरचे दाते पॉलिमर चिरडतात, त्यामुळे ५० म्हणून घातलेलं ऑइल काही काळाने ४०च्या हद्दीत उतरू शकतं. क्लच सरकू नये म्हणून डब्यावर जासो या जपानी वाहन-मानकाचं एमए हे चिन्ह बघायचं. गाडीसाठीच्या पातळ, इंधन-बचतवाल्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, ती ह्या क्लचला नकोत. गाडीचं उरलेलं ५डब्ल्यू-४० तिच्यात ओतायचा मोह आवरला आणि एमए चिन्हाचं १०डब्ल्यू-४० घातलं.

२० एप्रिल

ऊन तापलं. मिस्त्रींनी बोनेट उघडल्या उघडल्या विचारलं, "अजून ते पातळंच आहे का आत? वीस-पन्नास टाकून द्या, म्हातारं इंजिन आहे." त्यांचा अनुभव खोटा नाही. ज्या इंजिनांत फटी वाढल्यात, गरम झाल्यावर आयडलिंगला दाबाचा दिवा लुकलुकतो, तिथे २०डब्ल्यू-५०ने दिवा विझतो आणि धूरही कमी होतो. झिजलेल्या रिंगा त्याने भरून येत नाहीत, पण दुरुस्तीपर्यंतचे दिवस निघतात. माझ्या इंजिनात ते दुखणं नाही, तर औषध कशाला? "बघा बुवा," म्हणाले. टायरमधल्या हवेचा दाब तेवढा तपासून दिला.

१४ मे

घाटाचे आकडे आले. ऑइलचे फिल्टरपाशी मोजलेले, सगळे पूर्णांकात आणून:

थंडीत, हवा ४ अंश, सपाट रस्ता, अर्ध्या तासानंतर: पाणी ८८, ऑइल ८६.
आता, हवा ४१, तोच वेग, सपाट रस्ता: पाणी ९१, ऑइल १०३.
आता, हवा ३९, भरलेली गाडी, चढ, दुसरा-तिसरा गिअर: पाणी ९६, ऑइल १२१ आणि अजून चढतच होतं.

हवेत ३७ अंशांचा फरक पडला तेव्हा ऑइलमध्ये पडला १७चा. घाटाने मात्र, हवा तीच असताना, वर आणखी १८ घातले. थर्मोस्टॅट पाण्याला एका पट्ट्यात धरून ठेवतो, त्यामुळे पाण्यावर चालणाऱ्या इंजिनात बाहेरचा उन्हाळा ऑइलपर्यंत निम्माच पोचतो. वजन, चढ आणि फेऱ्या मात्र थेट ऑइलवर येतात.

तेव्हा मिस्त्रींच्या वाक्याला माझी दुरुस्ती अशी: पहिला आकडा वर्षातल्या सर्वांत थंड पहाटेला विचारायचा, दुसरा इंजिनाला आणि त्याच्यावरच्या ओझ्याला. पंचांगातला ऋतू दुसऱ्या आकड्यासाठी फार खालच्या क्रमांकावर येतो.

पत्रकात १२१ घालून बघितलं. ५डब्ल्यू-४० साधारण ९ सेंटिस्टोकवर उतरतं, १५डब्ल्यू-४०सुद्धा तिथेच. ५डब्ल्यू-३० असतं तर ७. बदललं नसतं तरी घाटात फरक पडला नसता, आणि बदललं म्हणून पहाटे पडला. वीस अंश वाढले की जवळजवळ एक ग्रेड खाली उतरल्यासारखं होतं, हेही पत्रकातून दिसतं: १२०वरचं १५डब्ल्यू-४० हे १००वरच्या ५डब्ल्यू-३०पेक्षा पातळ आहे.

घाटमाथ्यावर थांबल्यावर आयडलिंगचा दाब एक बारच्या किंचित खाली. दिवा नाही, आवाज नाही. जुन्या लोकांचा ठोकताळा हजार फेऱ्यांना सुमारे ०.७ बार असा आहे, त्यात बसतं. हे असंच रोज करायचं असतं तर ५० घालण्याऐवजी ऑइल कूलर बसवला असता. ऑइल घट्ट केलं की रगडताना उष्णताही जास्त तयार होते, तापमान थोडं वर सरकतं आणि कमावलेल्या श्यानतेतला एक हिस्सा परत जातो.

२ जून

ऑइल बदलताना गरम इंजिनातून मधल्या धारेचा नमुना घेतला होता, त्याचा अहवाल. १०० अंशांवर नवीन १३.८ होतं, आता १२.९. चाळिसाची खालची हद्द १२.५, म्हणजे ग्रेड टिकला, पण मोकळीक थोडीच. पेट्रोलचा अंश प्रयोगशाळेच्या मोजण्याच्या मर्यादेखाली, जे अपेक्षित होतं, कारण नमुन्याआधीचे दोन महिने इंजिन पुरतं तापत होतं. हिवाळ्यात उतरलेलं सगळं तेव्हाच उडून गेलं असणार. उरला तो पॉलिमरचा रगडा. बेअरिंगच्या धातूंचे आकडे सामान्य.

पुस्तिकेने दिलेलं अंतर वाढवायचं नाही. सिंथेटिक आहे म्हणून दुप्पट चालवा असं सांगणारे भेटतात, १२.९ बघून ते मनावर घ्यावंसं वाटत नाही. ५डब्ल्यू-४०च पुन्हा भरलं, बाराही महिन्यांसाठी. पुढचा बदल नोव्हेंबरच्या शेवटी येतोय, म्हणजे थंडीत शिरताना ऑइल ताजं असेल. वापरलेल्या ऑइलची डब्ल्यूची परीक्षा पुन्हा कोणी घेत नाही. नमुना घ्यायची नळी आणि बाटली सेन्सरच्या खोक्यात ठेवली आहे. पुढच्या वेळी हिवाळ्याच्या मध्यावर एक नमुना घ्यायचा, छोट्या फेऱ्या चालू असताना, पेट्रोल खरंच किती उतरतं ते बघायला.